किल्ली क्लबच्या खिशात

२ कोटी ६० लाख १९४ डॉलर. २००६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क यँकीज या अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबने केई इगावा या जपानी डावखुऱ्या पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, हा आकडा लिहून पाठवला. शेवटचे १९४ कशासाठी? तर जपानच्या हानशिन टायगर्सकडून खेळताना त्या हंगामात त्याने तेवढे बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, केले होते. श्रीमंतांचे लाड, दुसरं काय! पण यातला एकही डॉलर इगावाचा नव्हता. ही सगळी रक्कम हानशिनची, त्याला सोडण्याबद्दल. त्याच्याशी पाच वर्षांचा २ कोटींचा करार झाला तो वेगळा. एवढं सगळं मोजून इगावाने मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये, यँकीजना जिंकून दिल्या दोन मॅच.

त्याच महिन्यात बोस्टन रेड सॉक्सने दाइसुके मात्सुझाकासाठी ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर आणि ११ सेंटची बोली लावली होती. त्याचा स्वतःचा करार सहा वर्षांचा, ५ कोटी २० लाखांचा. म्हणजे मात्सुझाकासाठी बोस्टनने जे काही मोजलं, त्यातला जवळजवळ अर्धा हिस्सा त्याच्या जपानी क्लबने, सेइबू लायन्सने, नेला. जपानी खेळाडू अमेरिकेत गेला की वर्तमानपत्रं त्याच्या फास्टबॉलचा वेग छापतात, कराराचा आकडा छापतात. पण तो आकडा ठरतो कुठे हे पाहायचं असेल तर त्याच्या हातापेक्षा त्याच्या कागदांकडे बघावं लागतं. तो कोणत्या वर्षी निघाला, कितव्या वयात निघाला आणि त्याला जाऊ देण्यात त्याच्या जुन्या क्लबचा काय फायदा होता, याच्यावर सगळा खेळ. गुण खेळाडूचे असतात, मुहूर्त क्लबचा असतो.

या कागदांची सुरुवात एका भांडणातून झाली. १९६४ मध्ये नानकाई हॉक्सने मासानोरी मुराकामी या कोवळ्या पिचरला शिकायला म्हणून सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या खालच्या संघात पाठवलं. पोरगा इतका चांगला निघाला की सप्टेंबरात जायंट्सने त्याला थेट मेजर लीगमध्ये उतरवलं, आणि मग परत द्यायलाच तयार होईनात. वर्षभर ओढाताण झाली, शेवटी १९६५ चा हंगाम खेळून तो मायदेशी परतला. १९६७ मध्ये दोन्ही देशांच्या बेसबॉलने करार केला: एकमेकांच्या खेळाडूंना हात लावायचा नाही. पुढची जवळजवळ तीस वर्षं कुणी लावलाही नाही.

हिदेओ नोमोने मात्र त्या कुंपणातली फट शोधली. खरं तर शोधली त्याच्या एजंटने, डॉन नोमुराने. नियम असा होता की जपानी पिचरने स्वखुशीने निवृत्ती घेतली तर तो जपानात दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळू शकत नाही. जपानात. जपानाबाहेर काय, याबद्दल कागद गप्प होता. नोमोने किंतेत्सू बफेलोजकडे अनेक वर्षांचा करार मागितला, क्लब भडकला आणि त्याने नोमोला निवृत्तांच्या यादीत टाकून दिलं. आता हा घरी बसणार, अशी त्यांची कल्पना. नोमो लॉस एंजेलिसला जाऊन डॉजर्सकडून १९९५ चा हंगाम खेळला, १३ विजय मिळवले, २३६ स्ट्राइकआउट घेतले आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना हा प्रकार ओळखीचा वाटेल: बीसीसीआयच्या पुरुष खेळाडूलाही परदेशी टी-ट्वेंटी लीग खेळायची असेल तर आधी इथल्या क्रिकेटमधून निवृत्त व्हावं लागतं. फरक एवढाच की इथे ते बहुधा कारकीर्द उतरणीला लागल्यावर होतं. नोमो तेव्हा २६ वर्षांचा होता.

मग हिदेकी इराबूचं प्रकरण झालं. चिबा लोत्ते मरीन्सने त्याचे हक्क परस्पर सॅन दिएगो पाद्रेजला देऊन टाकले, तो म्हणाला मला फक्त यँकीज हवेत, आणि शेवटी पाद्रेजना त्याला यँकीजकडे द्यावंच लागलं. त्यानंतर हिरोशिमा कार्पचा तरुण अल्फोन्सो सोरियानो नोमोच्याच फटीतून निसटला. जपानी क्लबांनी ती फट बुजवली आणि १९९८ च्या शेवटी ‘पोस्टिंग’ आणलं.

पोस्टिंगचं पहिलं रूप लिलावाचं होतं, पण बंद पाकिटातल्या. जपानी क्लब खेळाडूला पोस्ट करणार, अमेरिकेतले क्लब एकमेकांना न सांगता बोली लावणार, सगळ्यात मोठी बोली ज्याची त्याला खेळाडूशी तीस दिवस बोलण्याचा एकट्याचा हक्क. जमलं तर बोलीची रक्कम जपानी क्लबला. नाही जमलं तर खेळाडू परत, पैसेही परत. इचिरो सुझुकी २००० मध्ये असाच सिअ‍ॅटलला गेला, १ कोटी ३१ लाख २५ हजारांच्या बोलीवर. त्याच्या जपानी क्लबने, ओरिक्सने, त्याला का सोडला हेही बघण्यासारखं आहे. आणखी एक वर्षाने तो फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या क्लबकडे जायला मोकळा, होणार होता. तेव्हा गेला असता तर ओरिक्सच्या हातात धुपाटणंही राहिलं नसतं. पहिल्याच वर्षी इचिरोने २४२ हिट मारले, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान घेतले, २००४ मध्ये २६२ हिट मारून १९२० पासूनचा जॉर्ज सिसलरचा विक्रम मोडला. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ३९४ पैकी ३९३ मतं त्याला पडली. १ कोटी ३१ लाखांत एवढा सौदा पुन्हा कुणाला जमलेला नाही.

बंद पाकिटाची खोट कळली ती हिसाशी इवाकुमाच्या वेळी. २०१० मध्ये ओकलंडची बोली सगळ्यात मोठी ठरली, पण बोलणी फिसकटली. खेळाडूने दुसऱ्या कुणाशी बोलायची सोयच नव्हती. त्याच्यासमोर दोन दारं, एक ओकलंडचं आणि एक परत त्याच्या जपानी क्लबचं, राकुतेनचं. तो परत गेला, वर्षभर खेळला, फ्री एजंट झाला आणि सिअ‍ॅटलला गेला. २०१५ मध्ये त्याने तिथे नो-हिटर टाकली, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट दिला नाही. राकुतेनला मात्र त्याच्याबद्दल दमडीही मिळाली नाही. बोली मोठी लागण्याचं आणखी एक कारण हिशेबनिसांना माहीत असतं: ही रक्कम खेळाडूच्या पगारात धरली जात नाही, त्यामुळे पगाराच्या मर्यादेवर अमेरिकन क्लबांना जो कर पडतो त्यातून ती सुटते. पाकिटात जितकं जास्त घालावं तितका करारात हात आखडता घेता येत होता. मात्सुझाकाच्या निम्म्या पैशांना पाय फुटले ते असे.

२०१३ च्या डिसेंबरात नियम पालटला. क्लबची फी जास्तीत जास्त २ कोटी, आणि तेवढी द्यायला जो जो तयार त्या प्रत्येकाला खेळाडूशी बोलायची मुभा. याचा पहिला मोठा लाभ मासाहिरो तनाकाला झाला. त्या वर्षी राकुतेनकडून त्याचे विजय २४ आणि पराभव शून्य. यँकीजने सात वर्षांसाठी साडेपंधरा कोटी दिले, राकुतेनला २ कोटी. एकूण रकमेत क्लबचा वाटा मात्सुझाकाच्या वेळी निम्मा होता, तनाकाच्या वेळी नवव्या हिश्श्याच्या आसपास आला. सात वर्षांत इतका उलटा फिरलेला हिशेब खेळांच्या धंद्यात क्वचित दिसतो.

सध्याची पद्धत २०१८ पासूनची. फी कराराच्या आकारावर: पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा टक्के, पाच कोटींच्या वरच्या रकमेवर १५ टक्के. योशिनोबू यामामोतोचं गणित मांडून बघा. डॉजर्सशी बारा वर्षांचा साडेबत्तीस कोटींचा करार, २०२३ च्या डिसेंबरात. पहिल्या टप्प्याचे ५० लाख, दुसऱ्याचे ४३ लाख ७५ हजार, उरलेल्या साडेसत्तावीस कोटींवर ४ कोटी १२ लाख ५० हजार. ओरिक्सला एकूण ५ कोटी ६ लाख २५ हजार. कामगिरीवरचे बोनस किंवा पुढे वापरली गेलेली वाढीव वर्षं यांवरही १५ टक्के नंतर पोहोचतात. बोलणी करायला आता ४५ दिवस मिळतात. तेवढ्यात सही झाली नाही तर खेळाडू आपल्या क्लबकडे परत, आणि पुन्हा प्रयत्न पुढच्या हिवाळ्यात. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात घाई होते ती आकड्यांपेक्षा वैद्यकीय तपासणीमुळे. केन्ता माएदाच्या तपासणीत काही तरी खटकलं, म्हणून २०१६ मध्ये त्याला आठ वर्षांचे हमखास पैसे फक्त अडीच कोटी मिळाले, बाकीचं सगळं किती डाव टाकतो त्यावर.

या सगळ्यात एक गोष्ट बाहेरून पाहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पोस्टिंग हा खेळाडूचा हक्क नाही. क्लबने हो म्हटलं तर होतं, नाही म्हटलं तर विषय संपला. खेळाडूचा हक्क फ्री एजन्सीचा, आणि परदेशी जाण्यासाठी तो मिळतो नऊ वर्षांनी. तीही कॅलेंडरची वर्षं नव्हेत. पहिल्या संघाच्या यादीत १४५ दिवस नाव असेल तर एक वर्ष धरतात. दुसऱ्या संघात घालवलेले महिने हिशेबात नाहीत. शाळेतून अठराव्या वर्षी आलेल्या पोराचे पहिले दोन-तीन हंगाम खालीच जातात, मग एखादी शस्त्रक्रिया, म्हणजे तिशी उजाडलीच. योमिउरी जायंट्सने कोजी उएहाराला कधी पोस्ट केलं नाही, तो फ्री एजंट होऊन २००९ मध्ये गेला तेव्हा चौतिशीला टेकला होता. तरी २०१३ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, शेवटचा बॅटर त्यानेच बाद केला. दहा वर्षं आधी गेला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न योमिउरीच्या चाहत्यांसमोर विचारू नये. सॉफ्टबँक हॉक्सचं धोरणही तसंच. कोदाई सेंगा वर्षानुवर्षं मागत राहिला, हॉक्स नकार देत राहिले, शेवटी २०२२ मध्ये तो फ्री एजंट म्हणून न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. पाच वर्षांचे साडेसात कोटी सगळे त्याचे, हॉक्सला शून्य. सॉफ्टबँकला त्या फीची गरज नाही, हे एक. पैशांपेक्षा पेनन्ट, म्हणजे लीगचं विजेतेपद, महत्त्वाचा, हे दुसरं. त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. आपला सर्वोत्तम पिचर पंचविशीत विकून टाकणाऱ्या क्लबने तिकिटं कुणाच्या नावावर विकायची?

आता पंचविशीचा मुद्दा. पंचवीस वर्षं पूर्ण नसलेला किंवा सहा व्यावसायिक हंगाम न खेळलेला परदेशी खेळाडू अमेरिकेच्या नियमांत ‘हौशी’ ठरतो. त्याला फक्त मायनर लीगचा, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगचा, करार मिळतो, आणि सहीचा बोनस प्रत्येक क्लबला ठरवून दिलेल्या छोट्या थैलीतूनच द्यावा लागतो. शोहेई ओहतानी २०१७ मध्ये निघाला तेव्हा २३ वर्षांचा. एंजल्सने त्याला दिले २३ लाख १५ हजार. त्याच्या निप्पॉन हॅम फायटर्स क्लबला मात्र जुन्या नियमाने २ कोटी. काही क्लबांना, डॉजर्ससुद्धा त्यांतलेच, आधीच्या उधळपट्टीच्या शिक्षेमुळे तीन लाखांच्या वर एक डॉलरही देता येत नव्हता. दोन वर्षं थांबता तर शंभरपट मिळाले असते, पण ओहतानीला थांबायचं नव्हतं. नंतरच्या ७० कोटींमुळे आज ते सोपं वाटतं. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याच्या कोपराचा लिगामेंट फाटल्याचं कळलं तेव्हा तसं वाटत नव्हतं.

रोकी सासाकीची पाळी २०२४ मध्ये आली, तोवर फीचे नियम बदलले होते. मायनर लीगच्या करारावर जपानी क्लबला बोनसच्या २५ टक्केच मिळतात. विसाव्या वर्षी परफेक्ट गेम, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता संपवलेली मॅच, टाकून १९ स्ट्राइकआउट घेणारा हा पोरगा, आणि चिबा लोत्तेच्या वाट्याला १६ लाख २५ हजार डॉलर! लोत्तेच्या चाहत्यांचा संताप मी समजू शकतो. त्याच्या पोस्टिंगची तारीख मात्र फार हुशारीने काढली होती. बोनसच्या थैल्या १५ जानेवारीला नव्याने भरतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्ट केलं की ४५ दिवसांची मुदत २३ जानेवारीला संपते, म्हणजे जुनी रिकामी थैली आणि नवी भरलेली थैली यांमधली रेघ नेमकी मुदतीच्या आत. डॉजर्सने आणखी जागा विकत घेऊन ६५ लाख जमवले आणि सही १५ तारखेनंतर झाली.

करार झाला की दुसरा अभ्यासक्रम सुरू होतो, आणि तो चेंडूपासून. जपानी लीगचा चेंडू मिझुनोचा. चामडं किंचित चिकट, आकार नियमाच्या खालच्या टोकाजवळ. अमेरिकेतला रॉलिंग्जचा, कोस्टा रिकात बनणारा, बोटांना निसरडा. तो मॅचआधी डेलावेअर नदीच्या खोऱ्यातल्या खास चिखलाने घासतात, तरी जपानातून आलेला पिचर पहिले काही आठवडे हातात साबण धरल्यासारखा चाचपडतो. सगळ्यात जास्त अडचण स्प्लिटर नावाच्या फेकीची, जी नेमकी जपान्यांची हुकमी. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात चेंडू खोल बसवायचा, खालून अंगठा, आणि हात फास्टबॉलच्याच वेगाने फिरवायचा. चेंडू कमी फिरक्या घेत सुटतो म्हणून प्लेटपाशी, बॅटरच्या पुढ्यात, तो खाली कोसळतो. चेंडू निसरडा असेल तर तो बेचक्यातून आधीच सटकतो आणि पोटाच्या उंचीवर तरंगत राहतो. तो मग फटका खाऊन प्रेक्षकांच्या सीटांत जाऊन पडतो. हे टाळायला पिचर मूठ घट्ट आवळतो, कोपराजवळचे स्नायू ताणतो. ट्रेनर लोकांना भीती वाटते ती या आवळण्याची.

त्यात विश्रांती कमी. जपानात सोमवारी बहुधा मॅच नसते, सहा स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारे पिचर, आळीपाळीने येतात, म्हणून प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. हंगाम १४३ मॅचचा. अमेरिकेत १६२, पाच स्टार्टर, चार दिवस मध्ये गेले की पुन्हा माउंडवर, आणि अधूनमधून तीन तास घड्याळ मागेपुढे करणारा विमानप्रवास. मग जपान्यासाठी सहावा स्टार्टर का ठेवत नाहीत? कारण संघ २६ जणांचा आणि त्यात पिचर जास्तीत जास्त १३. सहावा स्टार्टर ठेवला की राखीव पिचरांतला एक कमी, आणि जूनमध्ये लागोपाठ जादा डावांच्या दोन मॅच झाल्या की मॅनेजर डोकं धरून बसतो. ओहतानी या १३ मध्ये धरला जात नाही, कारण २०२० पासून त्याच्यासारखी पिचिंग आणि बॅटिंग ही दोन्ही कामं करणाऱ्याला वेगळी सवलत आहे. डॉजर्सकडे जपानी पिचर सुखाने राहतात त्यात या एका मोकळ्या जागेचा वाटा मोठा आहे.

सरावाचा झगडा आणखी जुना. मात्सुझाकाने शाळेत असताना, १९९८ च्या कोशिएन या शालेय स्पर्धेत, सतरा डावांच्या एकाच मॅचमध्ये २५० चेंडू टाकले होते. जपानात दोन मॅचच्या मध्येही शंभरावर चेंडू टाकून हात ‘तयार’ ठेवायची त्याची सवय. बोस्टनच्या प्रशिक्षकांना खांदा म्हणजे मोजके चेंडू असलेली पेटी वाटत होती. दोघांचं कधीच पुरतं जमलं नाही. २००८ मध्ये १८ विजय आणि ३ पराभव, २०११ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया. चूक कुणाची, यावर दोन्ही देशांत अजून वाद होतात. माझं मत विचाराल तर शरीराला एक रीत लागलेली असताना ती अर्ध्यावर बदलणं सगळ्यात वाईट. यामामोतोला डॉजर्सने त्याचे लहान भाले फेकू दिले, वजनं उचलायला लावली नाहीत. सोलमधली त्याची पहिली मॅच एका डावात पाच रन देऊन संपली, पहिल्या उन्हाळ्यात खांद्याने तीन महिने खाल्ले. आणि २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये आठवड्याला एकदा टाकणारा हाच माणूस सहाव्या मॅचमध्ये ९६ चेंडू टाकून दुसऱ्याच दिवशी सातव्या मॅचचे शेवटचे ३४ चेंडू टाकायला उभा राहिला. विश्रांतीची सगळी कोष्टकं त्या रात्री बाजूला पडली, पण म्हणून ती चुकीची ठरत नाहीत.

बॅटरांना वेगाचा प्रश्न. अमेरिकेत फास्टबॉल जपानपेक्षा सरासरीने काही किलोमीटर जास्त वेगाने येतो, आणि पाय उंच उचलून ताल धरणाऱ्या जपानी शैलीला तेवढा वेळ पुरत नाही. ओहतानीने २०१८ च्या सराव मॅचमध्ये मार खाल्ल्यावर हंगाम सुरू व्हायच्या ऐन तोंडावर पाय उचलणं सोडलं, नुसती टाच वर करू लागला, आणि पहिल्याच आठवड्यात होमरन मारले. इनफिल्डरांचं, म्हणजे बेसच्या आसपास फिल्डिंग करणाऱ्यांचं, नशीब आणखी खडतर. त्सुयोशी निशिओका मिनेसोटासाठी एप्रिल २०११ मध्ये दुसऱ्या बेसवर डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद, करत असताना धावणारा त्याच्या पायावर घसरत आला आणि पाय मोडला. तशी मुद्दाम आडवी धडक देण्याला २०१६ पासून नियमाने बंदी आहे, त्याला पाच वर्षांचा उशीर झाला.

अलीकडचं उदाहरण याकुल्ट क्लबच्या मुनेताका मुराकामीचं. २०२२ मध्ये ५६ होमरन मारून त्याने जपानी बेसबॉलचा दिग्गज सादाहारू ओह याचा एका हंगामातला ५५ चा आकडा ओलांडला होता. पण तो वेगवान चेंडूवर फार चुकतो, स्ट्राइकआउट फार होतात, म्हणून २०२५ च्या डिसेंबरात कुणी दहा वर्षांचा करार पुढे केला नाही. शिकागो व्हाइट सॉक्सशी त्याने दोन वर्षांचे ३ कोटी ४० लाख घेतले. त्याच्या दृष्टीने हे उत्तम आहे: दोन हंगाम चालला तर सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा बाजारात, आणि तेव्हा फीची भानगड नाही. याकुल्टला मात्र पहिल्या अडीच कोटींचे ५० लाख आणि वरच्या ९० लाखांवरचे १५ लाख ७५ हजार, एवढ्यावर त्याचं खातं बंद करावं लागलं. पुढच्या करारात त्यांचा छदामही नाही. हे जपानी क्लबांच्या आता ध्यानात आलंय, त्यामुळे यापुढे पोस्टिंगची परवानगी मागणाऱ्या खेळाडूला ‘तू किती वर्षांचा करार घेणार?’ असं आधीच विचारलं जाईल, असा माझा अंदाज आहे. नियमात तसं विचारायला कुठेही मनाई नाही.